ऑक्टाव्हिया आरएससाठी इनटेक मॅनिफोल्ड बनवताना: जानेवारी ते जून २०२४ च्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

उद्या संक्रांत. काम सुरू करण्याआधी गाडीची आजची स्थिती लिहून ठेवतो. नुसत्या आठवणीवर विसंबलं की आकडे हळूहळू आपल्याला हवे तसे होत जातात.

गाडी पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस, आमच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळणी झालेली. १.८ टी इंजिन, १७८१ सीसी, चार सिलिंडर, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, त्यातले तीन हवा आत घेणारे. मुळात १५० अश्वशक्तीची. माझ्याकडे आली तेव्हा के०३ च्या जागी के०४ टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बसलेला होता आणि ती दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर पुढे बंपरमागे आलेला होता. बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, ४००० आरपीएमला १.१ बार, तिथून उतरत ६००० ला ०.८. ही गाडी रोजच्या रस्त्यावर चालवत नाही. ट्रॅकवर जाते, तीही फ्लॅटबेडवर चढून.

मागच्या वर्षी हेडचे पोर्ट, म्हणजे हवा सिलिंडरात शिरण्याच्या वाटा, मोकळे करून घेतले. चारही सिलिंडरांना हवा वाटून देणारं इनटेक मॅनिफोल्ड मात्र मूळचंच, एका टोकाला थ्रॉटल (पॅडलने उघडणारी हवेची झडप) आणि लहान प्लेनम (हवा साठवणारी पेटी) असलेलं. ५५०० च्या पुढे गाडी दमल्यासारखी होते. हवा तिथे अडते असा माझा समज आहे, म्हणून हा खटाटोप.

परवा पुण्यात डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, घेतलेले आकडे: चाकावर १५८ अश्वशक्ती. ६००० ला मासएअरफ्लो (इंजिनात जाणारी हवा) १५१ ग्रॅम/सेकंद. व्हीसीडीएस या तपासणीच्या सॉफ्टवेअरच्या ब्लॉक ०२० मध्ये, म्हणजे ईसीयू (इंजिनचा संगणक) नॉक (सिलिंडरातला अवेळी भडका) ऐकून कोणत्या सिलिंडरचं ठिणगीचं टायमिंग किती मागे घेतो ते दाखवणाऱ्या ब्लॉकमध्ये, एक ते चार या क्रमाने २.३, १.५, ३.०, २.३ अंश. चारही जवळपास सारखे. या ओळीकडे मी तेव्हा नीट पाहिलं नाही. पुढे तीच सगळ्यांत उपयोगी पडली.

डायनोचे ५,५०० रुपये.

२८ जानेवारी

मॅनिफोल्ड उतरवलं. दोन तासांचं काम धरलं होतं, रविवार संपला. या इंजिनात मॅनिफोल्ड पुढच्या बाजूला, रेडिएटरकडे तोंड करून असतं आणि त्याच्या पोटाखाली ब्रीदरचे प्लास्टिकचे पाइप असतात. वीस वर्षं उष्णता खाल्लेलं प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं होतं, हात लागताच दोन ठिकाणी तुटलं. ऑइलच्या दांडीचं नारिंगी फनेलही तुटलं आणि त्याचा एक तुकडा नळीत पडला. तो तिथेच सोडू नका. लांब चिमटा घालून काढायला मला चाळीस मिनिटं लागली.

हे काम करणाऱ्यांनी फनेल आणि ब्रीदरचे पाइप आधीच मागवून ठेवावेत. मी मागवले नव्हते. ३,४०० रुपये आणि नऊ दिवस गेले.

११ फेब्रुवारी

मापं. सिलिंडरच्या मध्यांमधलं अंतर ८८ मिमी. हे पक्कं, इथे काही ठरवायचं नाही. ठरवायचं ते बाकीचं, आणि तेही जागेच्या मर्यादेत. हेडच्या तोंडापासून रेडिएटरच्या पंख्यापर्यंत जे अंतर उरतं त्यातच रनर (प्लेनमपासून प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या) आणि प्लेनम दोन्ही मावले पाहिजेत. रनर लांब केला तर प्लेनम पंख्याला टेकतो. मी पुठ्ठ्याचा प्लेनम करून गाडीत ठेवून पाहिला, बॉनेट लावून पाहिलं. पुठ्ठ्याच्या त्या दोन तासांनी पुढे बरंच ॲल्युमिनियम वाचवलं.

ठरलेलं माप: प्लेनम ४०० मिमी लांब, १०० रुंद, ८८ उंच, सरळ पेटीसारखा. म्हणजे साडेतीन लिटर, इंजिनच्या जवळजवळ दुप्पट. थ्रॉटल मूळचाच, गिअरबॉक्सच्या बाजूच्या सपाट टोकावर. म्हणजे चार नंबरचा सिलिंडर थ्रॉटलला सगळ्यांत जवळ आणि एक नंबरचा सगळ्यांत लांब. मोठी पेटी म्हणजे हवेचा मोठा साठा, असा विचार होता.

२५ फेब्रुवारी

चिकलठाणा एमआयडीसीतून १२ मिमीच्या ६०६१ ॲल्युमिनियम पाटीचा फ्लँज, म्हणजे हेडवर बोल्टने बसणारा तळ, कापून आणला, २,८०० रुपये. पेटीसाठी ५०५२ चा ३ मिमी पत्रा. पत्रा घेताना ग्रेड लिहिलेलं बिल मागा. पहिल्या दुकानात 'ॲल्युमिनियम म्हणजे ॲल्युमिनियम' म्हणून मऊ कमर्शियल पत्रा हातात देत होते.

पोर्टचं तोंड अगदी गोल नाही आणि रनरची नळी गोल आहे. एका टोकाचा गोल दुसऱ्या टोकाला पोर्टच्या आकाराचा करायचा होता. गॅस्केटवरून कागदावर ठसा घेतला, त्या मापाचा बाभळीचा ठोकळा तासून घेतला आणि नळी तापवून त्यावर हळूहळू दाबली. चारांपैकी एक नळी फाटली. पुरेशी तापवली नव्हती. साबण चोळून तापवा. साबण काळा पडला की थांबा, त्यापुढे गेलात तर नळी बसते. वर्कशॉपमधली ही जुनी युक्ती आहे आणि अजून चालते.

फ्लँजच्या भोकांत एक चूक झाली. मी ती पोर्टपेक्षा दीड मिमी मोठी कापली. त्यामुळे आत जाणारी हवा हेडच्या कडेवर आपटणार. उलट असतं, म्हणजे फ्लँजचं भोक किंचित लहान आणि पुढे पोर्ट मोठा, तर फारसं बिघडत नाही. हेडची कड घासायची नव्हती, म्हणून भोकांच्या आतून वेल्ड भरून परत घासायचं ठरलं. दोन संध्याकाळी गेल्या.

१० मार्च

वाळूजच्या चाचांकडे टिग वेल्डिंग. परवापासून रमजान लागतोय, म्हणून त्यांनी आजच बोलावलं होतं. चाचांचा हात अतिशय सुरेख आहे. प्रत्येक जोड आधी स्टीलच्या ब्रशने घासायचा, ॲसिटोनने पुसायचा, मगच आर्क. ब्रश वेगळा, त्याने लोखंड कधीच घासायचं नाही.

चूक माझी. फ्लँज जाड लोखंडी पाटीवर बोल्टने आवळून मग वेल्ड करायचा असतो. चाचांनी विचारलं, "भाऊ, फिक्स्चर आणलं का?" मी म्हणालो, बारा मिमीची पाटी आहे, काय वाकणार? ती वाकली. थंड झाल्यावर सरळपट्टी लावली तर मध्ये ०.८ मिमीची फट. चाचांनी पट्टीकडे पाहिलं आणि काही न बोलता चहा सांगितला.

वेल्डिंगचे ६,००० रुपये.

१७ मार्च

फ्लँज मिलिंगवर सपाट करून घेतला. एक मिमी गेला, आता ११ चा आहे. १,२०० रुपये.

गळती तपासली. चारही तोंडं आणि थ्रॉटलचं तोंड पाट्यांनी बंद करून आधी पाणी भरून दाब दिला, मग हवा. हा क्रम बदलू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जोड सुटला तरी फक्त पाणी सांडतं. हवेच्या दाबाने तोच जोड सुटला तर पत्रा अंगावर येतो. हवेला साबणाच्या पाण्याने तीन ठिकाणी बुडबुडे आले. चाचांनी सकाळी सातला, उन्हं चढायच्या आत, ती भरून दिली. रोजात तोंडावर मास्क घालून आर्कसमोर बसायचं आणि दिवसभर पाणी नाही. मी म्हणालो, ईदनंतर करू. म्हणाले, "आत्ताच आण, अर्धं काम माझ्याकडे पडून राहिलं तर मला झोप येणार नाही."

३१ मार्च

गाडीत बसवलं. प्लेनम आणि पंख्याच्या कडेमध्ये ११ मिमी. इंजिन धक्का खाऊन पुढे झुकतं तेव्हा हे अंतर कमी होतं, म्हणून इंजिनचा खालचा माउंट तपासून बदलला.

चालू केली तर आयडल (पॅडल न दाबता इंजिनचा वेग) ७०० ते १२०० मध्ये हेलकावे खात होता. व्हीसीडीएसमधून ब्लॉक ०६० ला थ्रॉटलचं अॅडॅप्टेशन केलं, म्हणजे थ्रॉटलची बंद-उघडी जागा ईसीयूला पुन्हा शिकवली. थोडा फरक पडला, पुरता नाही. ब्रेक बूस्टरच्या नळीचा व्हॉल्व्ह मी उलटा लावला होता. तो सुलटा केल्यावर ब्रेक ठीक झाला, आयडल अर्धाच. उरलेलं कारण पेटीचा आकार. पॅडलला हात लावला की आधी साडेतीन लिटरची पेटी भरते, मग सिलिंडर. मासएअरफ्लो सेन्सरला जी हवा दिसते ती त्या क्षणी सिलिंडरात गेलेली नसते. हळू पॅडलला गाडी अडखळते. मोठ्या प्लेनमची ही किंमत आहे.

७ एप्रिल

पुण्यात डायनो. चाकावर १६७. नऊ अश्वशक्ती वाढली म्हणून घरी फोन केला.

रात्री लॉग उघडले आणि आनंद मावळला. पहिलं म्हणजे तुलनाच चुकीची. जानेवारीत टाकीत साधं ९१ ऑक्टेन होतं आणि बाहेर २२ अंश. आज पुण्यात मिळणारं १०० ऑक्टेन भरलं आणि बाहेर ३८. या दोन दिवसांचे आकडे शेजारी ठेवण्याला काहीच अर्थ नाही.

दुसरं जास्त गंभीर. ब्लॉक ०२०: ६.८, ३.०, १.५, ०. १०० ऑक्टेनवर खरं तर सगळे शून्याच्या आसपास हवेत. माझा भाचा लॅपटॉपवर बसला होता, त्यानेच विचारलं, "मामा, दर वेळी एक नंबरच का मागे येतोय?" पाचही पुलमध्ये, म्हणजे पॅडल पूर्ण दाबून घेतलेल्या फेऱ्यांत, तेच. आणि एक, दोन, तीन, चार अशी पायऱ्यांसारखी उतरंड.

डायनोवर मात्र सगळं ठीक दिसत होतं, कारण एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर लॅम्डा ०.८२ दाखवत होता, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. पण तो चौघांची सरासरी दाखवतो. तिघे जास्त पेट्रोल पीत असतील आणि एक तहानलेला असेल, तरी सरासरी ०.८२ च येते. पिस्टन वितळतो तो त्या एकाचा.

१४ एप्रिल

सगळ्यांत आधी इंजेक्टरवर संशय घेतला. एक आणि चारचे इंजेक्टर अदलाबदल केले. इंजेक्टर खराब असता तर त्रास चार नंबरवर गेला असता. गेला नाही, एकवरच राहिला. प्लग आणि कॉइलही फिरवून पाहिले, तेच. अर्धा दिवस गेला पण वाया गेला असं म्हणणार नाही, कारण आता प्रश्न नक्की हवेचा होता.

मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय की थ्रॉटलपासून लांबच्या सिलिंडरला हवा कमी मिळते. इथे लांबच्याचीच तक्रार होती. कमी हवा मिळाली असती तर त्याच इंजेक्टरच्या मापाने तो जास्त पेट्रोलचा झाला असता, थंड आणि सुरक्षित. तो नॉक करतोय म्हणजे त्याला जास्त हवा मिळत असणार. हे पचायला मला दोन दिवस लागले.

२१ एप्रिल

एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही नळ्यांत के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) बसवले. त्यासाठी मॅनिफोल्ड गाडीतून पूर्ण काढून भोकं पाडा. गाडीतच ड्रिल मारलं तर ओतीव लोखंडाचे कण थेट टर्बोच्या पंख्यात जातात. चार थर्मोकपल आणि वाचणारी डबी मिळून ७,६०० रुपये. या सगळ्या कामात हा खर्च मला सगळ्यांत योग्य वाटतो.

पूर्ण बूस्टला एक नंबर ९१० अंश, चार नंबर ८४५. पण इथे एक सापळा आहे. टायमिंग मागे घेतलं की एक्झॉस्ट आपोआप तापतो. मग हे ६५ अंश जास्त हवेचे, की ईसीयूने टायमिंग मागे ओढल्याचे? दोन्ही एकात मिसळलेले.

म्हणून बूस्टचं नियंत्रण काढून फक्त वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर, ०.४ बारवर, पुल घेतले. नॉक नाही, चौघांचं रिटार्ड, म्हणजे मागे घेतलेलं टायमिंग, शून्य. तरीही एक आणि चारमध्ये ३४ अंशांचा फरक. हे ३४ अंश निव्वळ हवेच्या वाटणीचे.

२८ एप्रिल

घरचा फ्लो बेंच. धूळ ओढणाऱ्या दोन एचपीच्या ब्लोअरची हवा थ्रॉटलच्या तोंडातून सोडली. प्रत्येक रनरला सारख्या लांबीचा पीव्हीसी पाइप, टोकाला ३० मिमी भोकाची चकती आणि चकतीआधी पाण्याची यू-नळी. पाणी जितकं चढेल तितका दाब, आणि प्रवाह त्या उंचीच्या वर्गमुळाने बदलतो. सगळं मिळून अकराशे रुपये.

सकाळी तीन रनर बंद करून एकेक मोजला. चारही १२१ ते १२३ मिमी. मॅनिफोल्ड निर्दोष! तीन तास मी डोक्याला हात लावून बसलो होतो.

जेवण झाल्यावर लक्षात आलं की एकच तोंड उघडं असेल तर सगळ्या हवेला तिथूनच जावं लागतं. वाटणीचा प्रश्नच उरत नाही. चारही उघडे ठेवून मोजलं तेव्हा आकडे आले: एक नंबर १२६, दोन ११८, तीन १०९, चार ९८. एक आणि चारच्या प्रवाहात १३ टक्क्यांचा फरक. चालू इंजिनात हवा सतत वाहत नाही, हिसक्याहिसक्याने जाते, म्हणून हे १३ टक्के जसेच्या तसे इंजिनात असतील असं नाही. पण उतरंड तीच होती जी ब्लॉक ०२० मध्ये होती, आणि त्याच क्रमाने.

५ मे

तिसरीच गोष्ट समोर आली. आयडलला ब्लॉक ०३२ चा फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलात करत असलेली टक्क्यांतली दुरुस्ती, गेल्या आठवड्यात अधिक २ होता, तो अधिक ६.५ झाला. थ्रॉटलनंतर कुठेतरी न मोजलेली हवा शिरतेय. साबणाचं पाणी मारल्यावर छताच्या कडेच्या वेल्डमध्ये चार सेंटीमीटरची तडा दिसली.

कारण साधं आहे आणि मी ते आधी करायला हवं होतं. छत ४० बाय १० सेंटीमीटर, म्हणजे ४०० चौरस सेंटीमीटर. एक बार म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. सपाट तीन मिमीच्या पत्र्यावर प्रत्येक पुलला ४०० किलोचं ओझं येत होतं आणि उतरत होतं. डायल गेज लावून हवेचा दाब दिला तर छताचा मध्य १.९ मिमी फुगत होता. वेल्ड चाचांचा होता म्हणून इतके दिवस टिकला.

तडा भरायच्या आधी त्या छताचा उपयोग करून घेतला. छत कापून काढलं आणि त्या जागी पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा स्क्रूने बसवला. तळावर, प्रत्येक रनरच्या तोंडाभोवती, लोकरीच्या धाग्याचे तुकडे चिकटवले. ब्लोअर चालू केल्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही. थ्रॉटलमधून हवेचा झोत सरळ पेटीच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावत होता. चार नंबरच्या तोंडाशी धागे आत वळण्याऐवजी आडवे पडून थरथरत होते, दोन तर उलटे थ्रॉटलकडे वळले होते. हवा त्या तोंडावरून निघून जात होती. शेवटच्या भिंतीवर आपटून तिथे ती साचत होती, दाब वाढत होता आणि एक नंबरच्या तोंडात धागे सरळ उभे खाली खेचले जात होते. भाच्याने व्हिडिओ घेतला. महिनाभर आकड्यांत शोधत होतो ते दहा सेकंदांत डोळ्यांसमोर आलं. ॲक्रिलिकचा तुकडा १८० रुपयांचा होता.

ब्लोअरपुरतंच ॲक्रिलिक वापरा. त्यावर बूस्टचा दाब कधीही देऊ नका.

१९ मे

दुसरी आवृत्ती कागदावर. पेटीचा विचार सोडला.

प्रत्येक रनरपाशी हवेचा एक भाग निघून जातो, तसा प्लेनमही त्या प्रमाणात आक्रसत गेला पाहिजे. मग उरलेल्या हवेचा वेग फार पडत नाही आणि टोकाला दाब साचत नाही. थ्रॉटलकडे ७० चौरस सेंटीमीटर, लांबच्या टोकाला ३०. लांबी ३३० मिमी. थ्रॉटल आता सपाट भिंतीवर नाही. मध्ये ११० मिमीचा शंकू आहे, म्हणजे झोत भिंती धरून पसरतो. जागा असती तर शंकू अजून लांब केला असता. सगळं मिळून २.२ लिटर.

छत अर्धगोल, रोल केलेल्या पत्र्याचं. गोलाईमुळे पत्रा ताणला जातो, वाकत नाही. रनरच्या तोंडांना १२ मिमी त्रिज्येचे बेलमाउथ, म्हणजे कर्ण्यासारखी पसरट तोंडं, लेथवर काढलेले, तळापासून १५ मिमी वर उचललेले. पहिल्या वेळी मी नुसती कड कानशीने गोल केली होती. शेवटच्या बेलमाउथवर छतापर्यंत २५ मिमी मोकळीक ठेवली, नाहीतर आक्रसणारं छतच त्या तोंडाचं झाकण होईल.

कागदावर काढताना अजून एक गोष्ट सुधारली. हवेच्या तापमानाचा सेन्सर आधी एक नंबरच्या शेजारी, साचलेल्या हवेत बसवला होता. तो थ्रॉटलजवळ आणला.

९ जून

पुन्हा चाचांकडे. या वेळी ३० मिमी जाड लोखंडी पाटीवर फ्लँज बोल्टने आवळून नेला. चाचांनी पाटी उचलून पाहिली आणि म्हणाले, "आता शिकलास." एका जागी जास्त वेळ न थांबता, एक जोड या टोकाला तर पुढचा त्या टोकाला असं फिरत वेल्ड केलं. पाटीवरच रात्रभर थंड होऊ दिलं. सोडल्यावर फट ०.१५ मिमी. मिलिंगमध्ये पाव मिमी काढला. बकरी ईदच्या आत हातात मिळालं.

पाणी, मग हवा. एकही बुडबुडा नाही. दीड बारला छत डायल गेजवर ०.१ मिमीपेक्षा कमी हललं.

बेंचवर चारही उघडे: ११६, ११४, ११३, ११०. एक आणि चारमध्ये २.७ टक्के. हा आकडा मी तीनदा मोजला. मध्ये ब्लोअर थंड होऊ दिला आणि पाइप एकमेकांत बदलून पाहिले.

२३ जून

पुणे. या वेळी एप्रिलची चूक करायची नव्हती. एकाच दिवशी, एकाच टाकीवर, एकाच डायनोवर आधी मूळचं मॅनिफोल्ड आणि मग नवं. डायनोवाल्यांना सगळी दुपार लागेल असं आधीच सांगितलं होतं, पैसेही तसेच दिले, ११,००० रुपये. अदलाबदलीला साडेतीन तास लागले. बाहेर पाऊस, २६ अंश. पुण्यात समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर हवा आधीच थोडी विरळ असते. कोकणात किंवा चेन्नईच्या ट्रॅकजवळ कोणी हे आकडे पडताळले तर ते वेगळे येतील.

मूळचं: चाकावर १६१. ६००० ला मासएअरफ्लो १५२ ग्रॅम/सेकंद.
नवं: १६९. ६००० ला १६० ग्रॅम/सेकंद.

म्हणजे एप्रिलमधली नऊ अश्वशक्ती सगळी मॅनिफोल्डची नव्हती. आजची आठ मॅनिफोल्डची आहेत.

ब्लॉक ०२०: ०.८, ०, ०.८, १.५. थर्मोकपल: सगळ्यांत गरम आणि सगळ्यांत थंड यांत १४ अंश. पहिल्या आवृत्तीत ६५ होते.

तोटाही तितकाच स्पष्ट आहे. ४००० ला टॉर्क दोन्हींचा सारखा. पण २८०० आरपीएमला नव्या मॅनिफोल्डवर ११ न्यूटन-मीटर कमी. रनर आखूड झाले त्याचा हा परिणाम आहे आणि रेडिएटर पुढे सरकवल्याशिवाय तो जाणार नाही. रोज चालवायची, गर्दीत दुसऱ्या-तिसऱ्यात ओढायची गाडी असेल तर हे मॅनिफोल्ड लावू नका. मूळचंच ठेवा, कंपनीने ते त्यासाठीच केलंय. ट्रॅकवर माझी गाडी ३५०० च्या खाली क्वचित येते, म्हणून मला चालतं.

आयडल आता ८२० ला स्थिर आहे. पॅडलचं अडखळणं २.२ लिटरला बरंचसं गेलं.

३० जून

खर्च जोडला. पहिली आवृत्ती, तिची दुरुस्ती आणि तुटलेलं प्लास्टिक धरून १९,२००. दुसरी आवृत्ती १५,८००. थर्मोकपल, बेंच आणि ॲक्रिलिक ८,८८०. डायनोच्या तीन वाऱ्या, फ्लॅटबेडसकट, ४४,५००. एकूण ८८,३८० रुपये, साडेपाच महिन्यांचे रविवार आणि काही संध्याकाळी. मोजण्याचं सामान आधी घेतलं असतं तर पहिली आवृत्ती पुठ्ठ्यात आणि ॲक्रिलिकमध्येच बाद झाली असती. एप्रिलची पुण्याची फेरीही वाचली असती. बेंचला अकराशे रुपये लागले, तो फेब्रुवारीतच करायचा होता.

भाच्याने पुठ्ठ्याचे नवीन साचे मापांसकट जपून ठेवले आहेत. चिकलठाण्यातला एक जण याच इंजिनाच्या गाडीसाठी मागतोय. त्याला साचे देणार आहे, पण फ्लँजची भोकं त्याच्या हेडवरून नव्याने घ्यायला सांगितलं आहे. या इंजिनाची हेड दोन प्रकारची आहेत, लहान पोर्टची आणि मोठ्या पोर्टची. माझं लहान पोर्टचं, त्यातही घासलेलं.

एक काम उरलंय. प्लेनम आणि पंख्याच्या कडेमध्ये आता ९ मिमी आहेत. कडेवर खडूची रेघ मारून ठेवली आहे. पुढच्या ट्रॅकच्या दिवसानंतर ती पुसलेली दिसली तर पंख्याची चौकट कापावी लागेल.